गच्चीवरच्या टाकीची पातळी घरात दिसावी म्हणून

पालिकेचे पाणी ठरावीक तासांतच येते, ते आधी जमिनीखालच्या हौदात साठते आणि तेथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते, ही व्यवस्था आपल्याकडच्या शहरांतील असंख्य बंगल्यांत आणि लहान इमारतींत वर्षानुवर्षे चालू आहे. या व्यवस्थेत वरची टाकी भरली हे खालच्या माणसाला कळण्याचे साधन बहुधा एकच असते, ते म्हणजे ओव्हरफ्लोच्या नळीतून अंगणात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. संगणकाचा छंद असलेल्या माणसाला घरात करून पाहण्याजोग्या ज्या अनेक गोष्टी सुचतात, त्यांत टाकीची पातळी मोजणारे यंत्र मला सर्वांत उपयोगी वाटते. खर्च फार नाही, लागणारा प्रोग्राम लहान आहे, आणि घरातील इतर मंडळींना या छंदाचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसतो.

हे काम दोन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात यंत्राने केवळ मोजावे आणि मोटरीला अजिबात हात लावू नये. त्याचे आकडे महिनाभर रोज टाकीत डोकावून पडताळले, ते कधी आणि कशामुळे चुकतात हे कळले, की मगच त्याच्याकडे मोटर बंद करण्याचे काम सोपवावे. बहुतेक हौशी मंडळी पहिल्याच रविवारी रिले, म्हणजे लहान संकेतावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, जोडून मोकळी होतात. मीही तेच केले होते आणि दुसऱ्या आठवड्यात मोटर कोरड्या हौदावर बराच वेळ चालली.

मोजण्याची पद्धत

टाकीतील पातळी मोजण्याचा सर्वांत जुना घरगुती मार्ग म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर सोडलेल्या धातूच्या कांड्या. पाणी कांडीपर्यंत पोहोचले की विजेचे मंडल (सर्किट) पूर्ण होते आणि दिवा लागतो. ही पद्धत स्वस्त असली तरी सतत एकदिश विद्युतप्रवाह दिल्यास पाण्याचे विद्युत अपघटन होते, कांड्या झिजतात, त्यांच्यावर क्षार चढतात, आणि बोअरचे जड पाणी असेल तर हे फारच लवकर घडते. दुसरा मार्ग फ्लोट स्विचचा, म्हणजे पाण्यावर तरंगत वरखाली होणाऱ्या स्विचचा. त्यावर विश्वास टाकता येतो, पण तो ‘भरली’ किंवा ‘भरली नाही’ एवढेच सांगतो. तो फेकून देऊ नये. दुसऱ्या टप्प्यात त्याचीच गरज पडणार आहे.

आपल्या कामासाठी ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर घ्यावा. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा, ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागाकडे सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. जाण्यायेण्याचा प्रवास दुहेरी असल्यामुळे मिळालेल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागले की सेंटिमीटरमध्ये अंतर मिळते.

दुकानात गेल्यावर दोन डोळ्यांसारख्या गोल डब्या असलेला एचसी-एसआर०४ हा सेन्सर प्रथम पुढे केला जातो. तो टेबलावरच्या प्रयोगांसाठी चांगला आहे, परंतु टाकीतील दमट हवा त्याच्या जाळीतून आत शिरते आणि तो टिकत नाही. त्याऐवजी जेएसएन-एसआर०४टी या नावाने मिळणारा, एकच बंद डोके आणि लांब केबल असलेला जलरोधक सेन्सर मागून घ्यावा. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असे सुटे भाग मिळतात. अन्यत्र राहणाऱ्यांना ते ऑनलाइन मागवता येतील.

या सेन्सरची एक मर्यादा खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी. त्याच्या तोंडापासून साधारण २० ते २५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर त्याला कळत नाही, कारण तोच भाग ध्वनी सोडतो आणि तोच ऐकतो, आणि सोडलेल्या ध्वनीचे कंपन थांबेपर्यंत जवळचा प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. पाणी त्या पट्ट्यात शिरले की आकडा गोठतो किंवा भलतीकडे उडी मारतो, म्हणजे टाकी भरत आल्याच्या नेमक्या क्षणी यंत्र आंधळे होते. म्हणून झाकणापासून ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंतचे उभे अंतर आधी टेपने मोजावे. ते २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर झाकणावर छोटी चौकट बसवून सेन्सर तेवढा वर उचलावा. त्याला अरुंद पाइपमध्ये बसवून वर नेण्याचा मोह टाळावा, कारण पाइपच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी पाण्याच्या प्रतिध्वनीत मिसळतात.

टाकीवर काय करावे

झाकणाला सेन्सरच्या डोक्याच्या मापाचे भोक पाडावे, सेन्सर आतून घट्ट बसवावा आणि कडेची फट सिलिकॉनने पूर्ण बुजवावी. ही फट केवळ यंत्रासाठी बुजवायची नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या छंदासाठी त्याला दार उघडून देणे बरोबर नव्हे. सेन्सरचे तोंड पाण्याला काटकोनात असले पाहिजे. झाकण थोडे जरी कलते असेल तरी ध्वनी भिंतीकडे जातो, म्हणून गवंड्याची पाणसळ झाकणावर ठेवून खात्री करून घ्यावी. टाकीत वरून पडणाऱ्या पाण्याची धार सेन्सरच्या खाली येणार नाही अशी जागा निवडावी, आणि टाकीच्या भिंतीलाही तो फार लगटून असू नये.

सेन्सरसोबत येणारी केबल वाढवू नये. तिच्यातून अतिशय क्षीण संकेत येतात आणि जोड दिला की त्यांत गोंधळ शिरतो. म्हणून सेन्सरची छोटी पट्टी (सर्किट बोर्ड) आणि प्रोग्राम चालवणारी मुख्य पट्टी दोन्ही टाकीजवळच एका जलरोधक डबीत ठेवाव्यात. डबीवर आयपी-६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाची खूण) असे लिहिलेले असावे, तारा आत घेण्याची भोके तळाशी असावीत, आणि प्रत्येक तार आत शिरण्यापूर्वी खाली झोका घेऊन वर यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पावसाचे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडते. डबी उन्हात टांगू नये. टाकीच्या उत्तरेच्या बाजूला वर्षाचा बराच काळ सावली असते, तेथे ती बांधावी. न वापरलेली भोके बुजवायला विसरू नये. मुंग्या आणि पालींना अशी उबदार डबी फार आवडते, आणि पालीचे एक पाऊल दोन टोकांवर पडले तरी महिनाभराचे काम वाया जाते.

जोडणी आणि वीज

मुख्य पट्टी म्हणून ईएसपी-८२६६ ही चिप असलेली नोडएमसीयू पट्टी पुरेशी आहे. एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती आली आणि स्वस्तात वायफाय मिळू लागल्यामुळे घरगुती प्रयोगांचे चित्रच बदलले. ती ३.३ व्होल्टवर चालते, तर सेन्सर ५ व्होल्टवर चालवल्यास त्याचा प्रतिध्वनीचा संकेतही ५ व्होल्टचा येतो. तो थेट पट्टीच्या पिनला, म्हणजे तार जोडायच्या टोकाला, देऊ नये. १ किलोओहमचा रेझिस्टर (रोधक) संकेताच्या वाटेवर आणि २ किलोओहमचा रेझिस्टर पिन व ग्राउंड (पुरवठ्याचे ऋण टोक) यांच्यामध्ये लावला की पिनवर सुमारे ३.३ व्होल्टच पोहोचतात.

पिन निवडताना डी३, डी४ आणि डी८ यांना हात लावू नये. चिप सुरू होताना याच पिनांची स्थिती पाहून कोणत्या रीतीने चालू व्हायचे ते ठरवते. त्यांवर काही जोडलेले असेल तर वीज गेल्यावर पट्टी पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते. डी१, डी२, डी५ आणि डी६ या निर्धोक आहेत. सेन्सरला मोजायला सांगणारा संकेत बहुतेक उदाहरणांत १० मायक्रोसेकंदांचा दिलेला असतो. जलरोधक सेन्सरच्या काही आवृत्त्यांना तो अपुरा पडतो, म्हणून तो २० ठेवावा.

विजेचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. घरातील मोबाइलचा चार्जर वापरून ५ व्होल्ट २० मीटर लांबीच्या नेटवर्क केबलच्या एका जोडीतून वर नेले, तर जाऊनयेऊन ४० मीटर तांब्याचा रोध सुमारे साडेतीन ओहम होतो. वायफाय संदेश पाठवताना ही चिप क्षणभर ३०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, म्हणजे त्या क्षणी तारेतच सुमारे १ व्होल्ट खर्च होतो. पट्टी मग अधूनमधून आपोआप बंद होऊन सुरू होते आणि दोष प्रोग्राममध्ये आहे असे वाटून रात्री वाया जातात. त्याऐवजी खालून १२ व्होल्ट पाठवावेत आणि डबीत व्होल्टेज उतरवणारी छोटी बक पट्टी बसवून तेथे ५ व्होल्ट करून घ्यावेत. बक पट्टीचा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५ दिसल्याशिवाय तिला पुढे काहीही जोडू नये. नवीन पट्टी कितीवर लावलेली येईल याचा नेम नसतो. २३० व्होल्टची तार मात्र गच्चीवरच्या ओल्या जागेत नेऊच नये.

वायफायची चाचणी डबी बसवण्याआधी करावी. ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झचे जाळे पाहू शकते. तेवढ्याच जाळ्याला जोडलेला मोबाइल टाकीजवळ धरून संकेताची ताकद पाहावी. ती उणे ७० डीबीएमच्या (ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितके चांगले) आसपास किंवा त्याहून चांगली असेल तर काम होईल, उणे ८० च्या खाली गेली तर दोन स्लॅबमधून संदेश हरवत राहतील. राउटर जिन्याच्या बाजूला सरकवल्याने बऱ्याच घरांत प्रश्न सुटतो. उंच इमारतीत वायफायचा हट्ट सोडून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारी, लहान संदेश रेडिओने दूरवर पाठवणारी लोरा पट्टी घ्यावी. भारतात या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही.

आकड्यांची गाळणी

प्रोग्राम लिहिण्यासाठी आर्डुइनो हे अशा पट्ट्यांसाठीचे सॉफ्टवेअर चालते, परंतु ज्यांना घरात पुढे आणखी उपकरणे जोडायची आहेत त्यांनी ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर वापरावे. त्यात प्रोग्रामऐवजी कोणता सेन्सर कोणत्या पिनवर आहे एवढेच सांगणारी फाइल लिहावी लागते, आणि पहिली वेळ यूएसबीने भरल्यानंतर पुढचे सर्व बदल वायफायवरून करता येतात, त्यामुळे दरवेळी गच्ची चढावी लागत नाही. पहिल्या वेळी संगणकाला पट्टी दिसलीच नाही तर केबल बदलून पाहावी. घरात सापडणाऱ्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात. ईएसपीहोमची एक सवय आधीच माहीत असलेली बरी: होम असिस्टंट (घरातील उपकरणे एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर) जोडलेला नसेल तर पट्टी दर १५ मिनिटांनी स्वतःला पुन्हा सुरू करते. तो बिघाड नसून तशी योजना आहे, आणि ती मांडणीच्या फाइलमध्ये बंद करता येते.

सेन्सरकडून आलेला एकटा आकडा कधीही खरा मानू नये. लागोपाठ ७ वेळा मोजावे आणि त्यांची सरासरी न काढता त्यांना चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा. समजा ६२, ६१, ६२, २४०, ६१, ० आणि ६२ असे आकडे आले. सरासरी ७८ येईल, जी टाकीत कधीच नव्हती. मधला आकडा ६२ येईल, आणि तोच बरोबर आहे. पाणी पडताना उठणाऱ्या लाटा आणि अधूनमधून हरवणारा प्रतिध्वनी या दोन्हींचा बंदोबस्त एवढ्याने होतो.

तापमानाविषयी बरीच चर्चा होते, म्हणून हिशेब मांडून पाहू. ४० अंशांना ध्वनीचा वेग सुमारे ३५५ मीटर होतो, म्हणजे २० अंशांच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांचा फरक. पाणी १०० सेंटिमीटर खाली असताना ही चूक साडेतीन सेंटिमीटरची होते. पाणी ३० सेंटिमीटरवर आले की ती एका सेंटिमीटरवर येते. चूक टाकी रिकामी असताना मोठी आणि भरत आल्यावर क्षुल्लक असते, आणि आपल्याला अचूकता भरत आल्यावरच हवी असते. विदर्भातील मे महिन्यातही यासाठी वेगळा तापमापक लावण्याची मला गरज वाटत नाही.

अंतराचे लिटर करण्यासाठी टाकीवरच्या छापील आकड्यावर अवलंबून न राहता आतील व्यास मोजावा. ११० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टाकीत दर सेंटिमीटरला साधारण साडेनऊ लिटर पाणी असते. वरचा घुमटासारखा भाग आणि खालच्या नळाच्या तोंडापेक्षा खोल राहणारे पाणी हिशेबात धरू नये, कारण ते पाणी आपल्याला मिळतच नाही. तळाचा आकडा आणि भरल्याचा आकडा हे दोन्ही प्रत्यक्ष टाकीवरच घ्यावेत.

घरात आकडा कोठे दिसावा

सुरुवातीला वेगळा सर्व्हर, म्हणजे नोंदी साठवणारा सतत चालू संगणक, नको. पट्टीचे स्वतःचे वेबपान मोबाइलवर उघडते, तेवढे पहिल्या महिन्याला पुरेसे आहे. पुढे नोंदी साठवाव्याशा वाटल्या तर अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप हा रास्पबेरी पाय या छोट्या एकपट्टी संगणकापेक्षा चांगला सर्व्हर ठरतो असे माझे मत आहे, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते आणि वीज गेल्याने तो मध्येच बंद पडत नाही. रास्पबेरी पायमधील मेमरी कार्ड मात्र सततच्या लिहिण्याने आणि अचानक जाणाऱ्या विजेने लवकर खराब होते. लॅपटॉप कायम चार्जिंगला राहणार असल्यामुळे बॅटरी फुगलेली नाही ना हे दर महिन्याला पाहावे, आणि फुगलेली दिसली तर ताबडतोब काढून टाकावी.

उपकरणे आणि सर्व्हर यांच्यातील संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी एमक्यूटीटी ही संदेशपद्धत वापरावी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरील दूरच्या उपकरणांसाठी ते तयार केले, आणि कमी ताकदीच्या, तुटक जोडणीच्या उपकरणांसाठी ते आजही सोयीचे आहे. त्यातील दोन सोयी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, शेवटचा संदेश जपून ठेवण्याची; तिच्यामुळे नव्याने जोडलेल्या मोबाइलला पातळी लगेच दिसते. दुसरी, उपकरण अचानक गेले तर ‘मी गेलो’ असा संदेश त्याच्या वतीने पाठवला जाण्याची. पहिली वापरून दुसरी वगळली, तर सकाळी बंद पडलेले यंत्र रात्रीपर्यंत ‘४० टक्के’ असे सांगत राहते. आकड्याशेजारी तो कधी मोजला ती वेळ दाखवावीच.

मात्र घरातील सर्वांनी यासाठी मोबाइल उघडावा ही अपेक्षा ठेवू नये. स्वयंपाकघरात ओट्याजवळ लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन दिवे आणि एक लहान बझर लावला, की आईला किंवा आजीला काही शिकवावे लागत नाही. आमच्याकडे आलेख मी एकटाच पाहतो. दिवे सगळे पाहतात.

मोटरीचा ताबा

महिनाभर आकडे बरोबर आले, तरच पुढे जावे. आणि या टप्प्यातील २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते आणि १ अश्वशक्तीची एकफेजी मोटर चालताना ६-७ अँपिअरच घेते, म्हणून रिले पुरेल असे वाटते. परंतु मोटर सुरू होण्याच्या क्षणी ती याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, रिलेचे संपर्कबिंदू ठिणगीने एकमेकांना चिकटतात, आणि मग पट्टीने ‘बंद’ म्हटले तरी मोटर चालूच राहते. रिलेने केवळ कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठ्या भाराच्या रिलेसारख्या स्विचची, कॉइल चालवावी आणि मोटरीचा भार एसी-३ (मोटरींसाठीच्या) वर्गाच्या योग्य क्षमतेच्या कॉन्टॅक्टरने पेलावा. मोटरीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आधीपासून नसेल तर ते काम सर्वांआधी करावे.

मोटरीजवळ दुसरी नोडएमसीयू पट्टी लागेल. तिच्यात चालू करण्याच्या अटींपेक्षा बंद करण्याच्या अटी जास्त असाव्यात. वरून शेवटचा आकडा येऊन एक मिनिटाहून अधिक वेळ झाला असेल तर मोटर बंद. मोटर चालू होऊन ३ मिनिटांत पातळी २ सेंटिमीटरही चढली नाही तर हौद कोरडा आहे किंवा मोटरीने पाणी धरलेले नाही असे समजून बंद. हा आकडा आपल्या मोटरीच्या वेगावरून ठरवावा. टाकी भरायला २५ मिनिटे लागत असतील तर ३५ मिनिटांनी काहीही झाले तरी बंद. वीज परत आल्यावर पट्टीने नेहमी ‘बंद’ स्थितीतच जागे व्हावे आणि व्होल्टेज स्थिर होईपर्यंत दोन मिनिटे थांबावे. रिलेच्या बऱ्याच पट्ट्या उलट चालतात, म्हणजे पिनवर शून्य आले की चालू होतात; पट्टी सुरू होतानाच्या क्षणी रिले टिकटिक करते का, हे मोटर न जोडता २०-२५ वेळा वीज घालवून पाहावे.

आणि आता तो जुना फ्लोट स्विच. वरच्या टाकीत ओव्हरफ्लोच्या किंचित खाली एक आणि हौदाच्या तळाजवळ एक, असे दोन फ्लोट स्विच बसवावेत. ते स्वतः कमी व्होल्टेजवरच ठेवावेत. प्रत्येकाने मोटरीजवळच्या डबीतील एक लहान रिले चालवावी आणि त्या रिलेंचे संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत एकापाठोपाठ यावेत. फ्लोटची तार तुटली तर रिले सुटून मोटर बंद व्हावी, अशी जोडणीची दिशा ठेवावी. मग पट्टी अडकली, वायफाय गेले किंवा आपणच प्रोग्राममध्ये चूक केली, तरी टाकी भरल्यावर आणि हौद रिकामा झाल्यावर मोटर थांबते.

स्टार्टरवरचे जुने बटण काढू नये. ‘आपोआप’ आणि ‘हाताने’ असा निवड स्विच बसवून, ‘हाताने’ या बाजूला आपले सर्व इलेक्ट्रॉनिक्स वगळले जाईल पण फ्लोट स्विच राहतील, अशी जोडणी वायरमनला करायला सांगावी. आपण गावाला गेलेलो असताना घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना पाणी चढवता आलेच पाहिजे. बाहेरून मोटर चालवता यावी म्हणून राउटरचे पोर्ट (इंटरनेटवरून घरातील जाळ्यात शिरण्याची वाट) उघडणे मात्र टाळावे. एमक्यूटीटीला पासवर्ड लावावा आणि ही उपकरणे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर ठेवायची असतील तर सर्व्हरही त्याच जाळ्यावर ठेवावा.

टाकी धुतली जाईल तेव्हा सेन्सरचे तोंड मऊ कापडाने पुसावे, कारण त्यावर बाष्पाचे थेंब आणि क्षारांचा थर साचतो. झाकण पुन्हा बसवल्यावर भरलेल्या टाकीचा आकडा ताडून पाहावा. प्लंबरने झाकण अर्धा फेरा वेगळे फिरवले तरी सेन्सर पाण्याच्या धारेवर येऊ शकतो. झाकणावर आणि टाकीच्या कडेवर न पुसणाऱ्या शाईने एकमेकांसमोर दोन रेघा ओढून ठेवाव्यात, आणि तळाचा व भरल्याचा आकडा, कोणती तार कोणत्या पिनवर आहे याची आकृती आणि बसवल्याची तारीख कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डबीच्या झाकणाला आतून चिकटवावा.